एकविसावा रकाना

संगणकात ड्रायव्हर टाकणं हे कोल्हापुरात कुणाला मोठं काम वाटत नाही. दुकानात थर्मल प्रिंटर आला, ड्रायव्हर टाकला. दूध संस्थेत फॅट मोजायचं यंत्र संगणकाला जोडलं, ड्रायव्हर टाकला. निविदा भरायला डिजिटल सहीचं टोकन घेतलं, ड्रायव्हर टाकला. दहा-पंधरा मिनिटांचं काम, वर एक रिस्टार्ट. १९ जुलै २०२४ या दिवशी जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले ते अशाच एका ड्रायव्हरमुळं. गंमत अशी, की त्या दिवशी त्या संगणकांपुढं बसून कुणीही काहीही टाकलेलं नव्हतं.

पुढच्या सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या आहेत. अमेरिकेच्या लेखी ही गुरुवारी रात्री उशिरा सुरू झालेली गोष्ट आहे. आपल्याकडं ती शुक्रवारी सकाळी, कचेऱ्यांची कुलपं निघत असताना घडली.

पावणेपाच महिने आधी

टेक्सासातल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक ही कंपनी मोठ्या बँका, विमान कंपन्या, इस्पितळं, सरकारं यांच्या संगणकांवर पहारा ठेवायचा धंदा करते. तिच्या पहारेकऱ्याचं नाव फाल्कन. नेहमीच्या अँटिव्हायरससारखा तो फायली चाळत बसत नाही. संगणकात कोण कुणाशी बोलतंय, कोणता प्रोग्राम कुणाच्या खोलीत डोकावतोय, यावर त्याची नजर असते. एवढं दिसायचं तर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसावं लागतं. म्हणून फाल्कनचा मुख्य भाग हा ड्रायव्हर आहे. तो प्रिंटर चालवत नाही की माऊस हलवत नाही, पण विंडोज त्याला प्रिंटर-माऊसच्या ड्रायव्हरांच्याच पंगतीला बसवतं.

२८ फेब्रुवारी २०२४ ला फाल्कनची ७.११ ही आवृत्ती बाजारात आली. तिच्यात एक नवी सोय होती. विंडोजमधले प्रोग्राम आपापसांत निरोप पाठवायला ज्या वाटा वापरतात, त्याच वाटांनी हल्लेखोरही शिरतात. ते पकडण्यासाठी कंपनीनं नव्या पद्धतीचा तक्ता केला. त्या तक्त्यात एकवीस रकाने ठरले. पण प्रत्यक्ष संगणकावर माहिती गोळा करून तक्त्यापुढं ठेवणारा कोड वीसच रकाने भरत होता.

एवढंच. पुढं जे झालं त्याचं सगळं बी या एका वाक्यात आहे.

५ मार्चला ताण देऊन चाचणी झाली आणि या तक्त्यावर आधारलेले पहिले नियम जगभर गेले. काहीच बिघडलं नाही. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन संच गेले. तेव्हाही सगळं सुरळीत. कारण साधं होतं : त्या सगळ्या नियमांत एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. जे बघायचंच नाही ते आहे की नाही, हे कशाला कळेल? चाचणीतही तीच खूण होती. त्यामुळं रिकामी जागा महिनोन्‌महिने लाखो संगणकांत राहिली आणि तिच्यावर कुणाचा पाय पडला नाही.

इथं एक बारकावा आहे आणि सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. फाल्कनचा ड्रायव्हर बदलायचा तर त्याची नवी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जाते. ग्राहकालाही निवड असते : ताजी आवृत्ती घ्या, किंवा एक पाऊल मागं राहा, किंवा दोन. सावध बँका मागंच राहतात. पण रोजच्या नव्या धोक्यांसाठी येणारे नियम ड्रायव्हर म्हणून येत नव्हते. ते ड्रायव्हरनं वाचायच्या डेटा फायली म्हणून यायचे. त्यांना मायक्रोसॉफ्टची तपासणी नव्हती आणि तेव्हा ग्राहकाची संमती विचारली जात नव्हती. एक पाऊल मागं राहिलेला आणि ताजी आवृत्ती घेतलेला, दोघांच्या दारात त्या एकाच वेळी यायच्या. दरवाजावर कडक पहारा आणि रोजची डाक मात्र थेट स्वयंपाकघरात, अशी ती व्यवस्था. वेगासाठी ती केली होती आणि वेगाची गरज खोटीही नव्हती. हल्लेखोर काही मायक्रोसॉफ्टच्या शिक्क्याची वाट बघत थांबत नाहीत.

सव्वासहा तास आधी : पहाटे ३.२६

आषाढी आणि मोहरम त्या वर्षी एकाच दिवशी, १७ जुलैला आले होते. दोन दिवस उलटले होते. कोल्हापूर झोपलेलं असताना मायक्रोसॉफ्टच्या अझूर या सेवेचा मध्य अमेरिकेतला भाग बिघडला. फ्रंटियरसारख्या काही स्वस्त विमान कंपन्यांची उड्डाणं अमेरिकेत थांबली.

या बिघाडाचा फाल्कनशी काही संबंध नव्हता. तो वेगळा आजार होता. पण दोन्ही मायक्रोसॉफ्टच्याच नावावर आणि काही तासांच्या अंतरानं आले, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर दोघांची सरमिसळ झाली ती आजतागायत सुटलेली नाही. ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

दीड तास आधी : सकाळी ८ च्या सुमारास

या वेळेला कोल्हापूर जिल्ह्यात ड्रायव्हर कुठंकुठं काम करत असतात याचा अंदाज घेण्यासारखा आहे. गावोगावच्या दूध संस्थांतलं सकाळचं संकलन आटोपत आलेलं असतं. वजनाचा आणि फॅटचा आकडा यंत्रातून तारेनं संगणकात गेलेला असतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी मशिनं चालू असतात. साखर कारखान्यांचे वजनकाटे मात्र जुलैत गप्प असतात. हंगाम संपलेला, दुरुस्तीचे दिवस. हंगाम असता तर उसाची बैलगाडी काट्यावर चढताच तिचं वजन एका तारेतून संगणकात उतरलं असतं. ती तार आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटी चिप आणि तिचा ड्रायव्हर असतो.

त्या चिपची गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या पद्धतीची वजनकाट्याची तार नव्या संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसवायला जी जोडणी लागते, तिच्यात एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीची चिप पुष्कळदा असते. तिच्या नकला जगभर स्वस्तात मिळतात. २०१४ च्या शरदात या कंपनीनं विंडोज अपडेटमधून नवा ड्रायव्हर पाठवला. चिप नकली आहे असं दिसलं, की तो तिची ओळखखूणच पुसून शून्य करायचा. यंत्र धडधाकट, पण संगणक त्याला ओळखेना. ज्यांनी ती तार विकत घेतली त्यांना नकली-अस्सल काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त अपडेट होऊ दिलं होतं. ओरड झाली आणि कंपनीनं तो ड्रायव्हर मागं घेतला. दुसऱ्याच्या यंत्रात आपला ड्रायव्हर गेला की आपला हात किती लांब पोचतो, हे त्या वेळी नीट दिसलं होतं.

आपल्याकडं दुरुस्ती करणाऱ्या पोरांना ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर टाकताना वेगळीच अडचण येते. कुणीतरी एखाद्या खास यंत्रासाठी मुद्दाम लिहून घेतलेला ड्रायव्हर एका संगणकावर चालतो, आणि तोच पेन ड्राइव्हवरून शेजारच्या संगणकावर नेला तर विंडोज म्हणतं, यावर सही नाही. विंडोज व्हिस्टाच्या चौसष्ट बिटी आवृत्तीपासून हा नियम आहे : गाभ्यात जाणाऱ्या ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही पाहिजे. मग पोरं काय करतात? संगणक वेगळ्या पद्धतीनं चालू करतात, पडद्यावर पर्यायांची यादी येते, सात नंबर दाबतात. सही तपासणं बंद. ड्रायव्हर आत. दुकानदार खूश.

सात नंबर दाबू नये असं मी म्हणणार नाही. ज्याचं मशीन बंद पडून पगार थांबलाय त्याला हे सांगून उपयोग नाही. पण सही म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं. सही सांगते की हे कुणी बनवलं. ते चांगलं बनवलं की वाईट, हे ती सांगत नाही. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या विषाणूच्या ड्रायव्हरवर रिअलटेक या तैवानी कंपनीची खरी सही होती, चोरलेल्या किल्लीनं केलेली. आणि त्या शुक्रवारच्या फाल्कनवर तर चोरीचा डागही नव्हता. त्याची सही अस्सल होती, कंपनी नामांकित होती, मायक्रोसॉफ्टचा शिक्का जागेवर होता.

चोवीस मिनिटं आधी : ९.१५

मुंबईत शेअर बाजार उघडला. सिडनीत दुपारचे पावणेदोन झाले होते, शुक्रवारचं शेवटचं काम उरकून लोक सुट्टीच्या तयारीत. ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र, पावणेअकरा. लंडनमध्ये अजून पाचही वाजले नव्हते.

क्राउडस्ट्राइकनं पाठवायच्या नियमांचे दोन नवे संच तयार होते. पाठवण्यापूर्वी एक प्रोग्राम ते तपासतो. त्यानं दोन्ही पास केले. एका संचात चूक होती, पण तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता. तोही रकाने एकवीस आहेत असंच धरून चालला होता. आणि या वेळी, पहिल्यांदाच, एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ नव्हतं. तिथं काय असलं पाहिजे ते लिहिलेलं होतं. म्हणजे आता ड्रायव्हरला तो रकाना उघडून बघावाच लागणार होता.

मार्चपासून सगळं नीट चाललं होतं, म्हणून हे संच आधी एखाद्या खऱ्या विंडोज संगणकावर चालवून पाहायची गरज कुणाला वाटली नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अवघड जाते ती ही गोष्ट. रकान्यांची मोजणी चुकणं समजू शकतं. अशा चुका रोज होतात आणि रोज सापडतात. पण एक संगणक समोर ठेवून तो सुरू होतो का एवढं बघणं, हे आपल्याकडं पाचशे रुपयांत विंडोज टाकून देणारा पोरगाही करतो. गिऱ्हाईकासमोर एकदा रिस्टार्ट मारून दाखवल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत.

९.३९

फाईल निघाली. तिचं नाव ‘सी’ या अक्षरानं सुरू होऊन पुढं शून्यं आणि २९१ असं होतं. नावाला ड्रायव्हरचंच ‘डॉट सिस’ हे शेपूट होतं, पण ती ड्रायव्हर नव्हती. एखाद्या लहानशा फोटोहूनही छोटी फाईल. मोठी असायचं कारणच नव्हतं.

संगणक चालू असेल, इंटरनेटला जोडलेला असेल आणि त्यावर विंडोज व फाल्कनची ७.११ किंवा नंतरची आवृत्ती असेल, तर फाईल आपोआप उतरली. ड्रायव्हरनं ती वाचली. नियमाप्रमाणं तो एकविसाव्या रकान्याकडं गेला. स्मृतीत वीस जागांची रांग होती. विसावी संपल्यावर पुढं दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी पडलेलं होतं. ड्रायव्हरनं ते पत्ता म्हणून घेतलं आणि त्या पत्त्यावर वाचायला गेला. तिथं काहीच नव्हतं.

साधा प्रोग्राम असं वागला असता तर विंडोजनं त्याला बंद केलं असतं. खिडकी नाहीशी झाली असती, लोकांनी दोन शिव्या देऊन ती पुन्हा उघडली असती. गाभ्यात मात्र अशी सवलत नाही. तिथं सगळे ड्रायव्हर आणि खुद्द विंडोज एकाच स्मृतीत वावरतात. एकाचं डोकं फिरलं तर त्यानं आणखी काय बिघडवलं असेल याचा भरवसा नसतो. म्हणून विंडोज स्वतःच सगळं जागच्या जागी थांबवतं आणि तेव्हा निळा पडदा दाखवायचं. निळा पडदा ही नुकसान आणखी वाढू नये म्हणून केलेली सोय होती. त्यावरचा तो उदास चेहरा बघून तसं वाटायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

पडला तर रिस्टार्ट करावं, हा सार्वत्रिक उपाय. पण पहारेकरी चोराच्या आधी हजर पाहिजे, म्हणून फाल्कनचा ड्रायव्हर विंडोज सुरू होताना अगदी पहिल्यांदा जागा होतो. जागा झाला, की तीच फाईल वाचतो. पुन्हा निळा पडदा. पुन्हा रिस्टार्ट. दुरुस्त फाईल मागवायला इंटरनेट लागतं, आणि तिथपर्यंत पोचण्याआधीच संगणक पडतो.

९.३९ ते १०.५७

पहिला तडाखा ऑस्ट्रेलियाला बसला, कारण तिथं भर दुपार होती. सुपरमार्केटांचे गल्ले, विमानतळांचे फलक, बातम्यांचे स्टुडिओ निळे झाले. आपल्याकडं कचेऱ्या उघडत होत्या. एकेक जण संगणक चालू करत होता आणि चालू केलेला संगणक नेमका त्याच अठ्ठ्याहत्तर मिनिटांत इंटरनेटला जोडला जात होता. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम कोल्हापुरात घरी बसून करणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. ज्यांनी वेळेवर साडेनऊला लॅपटॉप उघडला त्यांना धोका होता. जो अकरापर्यंत लोळत पडला, त्याला काहीच झालं नसतं. नियमितपणाची अशी शिक्षा क्वचितच मिळते.

कोल्हापूरकराला इथं एक प्रश्न पडतोच. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपणहून उघडतात, पण सातही एका क्षणी उघडत नाहीत. एक उघडतो, त्यातून १४२८ घनफूट पाणी सेकंदाला बाहेर पडतं, भोगावती किती चढते ते खाली दिसतं, मग दुसरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना गेली की इशारा, ४३ ला धोका. चिखलीची माणसं त्या आकड्यांवर जनावरं हलवतात. मग सबंध जगाला एकदम सोडायच्या फाईलला पहिला दरवाजा, दुसरा दरवाजा का नव्हता? आधी कंपनीच्या स्वतःच्या संगणकांवर, मग हजारभर ग्राहकांवर, तासाभरानं बाकीच्यांवर, असं का नव्हतं? ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीसाठी ही टप्प्याटप्प्याची पद्धत कंपनीत होती. नियमांच्या फायलींसाठी नव्हती. कारण त्या नुसत्या डेटा समजल्या जात होत्या.

१०.५७ ला फाईल मागं घेतली गेली. चूक लवकर कळली हे मान्य करायला हवं, अठ्ठ्याहत्तर मिनिटं म्हणजे फार वेळ नाही. पण तोवर ती पोचायची तिथं पोचली होती, आणि पडलेल्या संगणकाला ती मागं घेतल्याचं कळवायचा मार्गच उरला नव्हता.

११ नंतर

कंपनीनं ग्राहकांना कळवलेला उपाय असा होता : संगणक सेफ मोडमध्ये चालू करा, विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक, तिथली २९१ ची फाईल पुसा, रिस्टार्ट करा. झालं. वाचायला तीन ओळी.

पण हे ज्याच्या त्याच्या संगणकापुढं बसून करायचं होतं. ज्या कंपनीत चाळीस हजार संगणक आहेत, तिथं चाळीस हजार वेळा. विमानतळावर फलकामागं, छताजवळ बसवलेले संगणक असतात, तिथं शिडी लावून. सगळं दुरून, एका जागी बसून सांभाळायची सवय झालेल्या खात्यांना एकेका कळफलकापर्यंत चालत जावं लागलं. अझूरवरच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की पुन्हापुन्हा रिस्टार्ट करून बघा, काहींना पंधरा वेळा केल्यावर गुण आलाय. दुरुस्त फाईल आणि निळा पडदा यांच्या शर्यतीत कधीतरी फाईल आधी पोचायची. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा सल्ला आणि गल्लीतल्या दुकानदाराचा सल्ला त्या दिवशी एकच होता.

त्यात बिटलॉकर, विंडोजचं कुलूप. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांची डिस्क कुलूपबंद असते. सेफ मोडमध्ये शिरताना संगणक अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो, प्रत्येक संगणकाची वेगळी. ती किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवलेली असते. आणि काही ठिकाणी तो सर्व्हरही निळा पडून होता. घरून काम करणाऱ्यांना ते अठ्ठेचाळीस आकडे फोनवरून सांगावे लागले. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

दुपार

दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबादच्या विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस यांची नोंदणी कोलमडली. बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशानं आपल्या हस्तलिखित पासचा फोटो टाकला तो देशभर फिरला. निळ्या शाईतलं नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन. एकट्या इंडिगोची दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सरकारी एनआयसीचं जाळं शाबूत असल्याचं सांगितलं. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इननं धोक्याची सूचना काढली. शेअर बाजारांचं काम चालू राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्याप्रमाणं दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

कोल्हापूरच्या पतसंस्था, दूध संस्था, दुकानं, फौंड्रीतल्या कचेऱ्या यांचं काम मात्र नेहमीसारखं चाललं असणार यात शंका नाही, कारण फाल्कन हे त्यांच्या खिशातलं आणि गरजेतलं सॉफ्टवेअरच नाही. तिथं असला तर क्विक हीलसारखा अँटिव्हायरस असतो. काटकर बंधूंनी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानातून उभं केलेलं ते नाव. दोन-चार दिवस आपल्याकडं यावर फुशारकी मारून झाली, की महागड्या संगणकांची जिरली आणि आमचे चालू राहिले. ही फुशारकी पोकळ आहे. प्रत्येक अँटिव्हायरस गाभ्यात ड्रायव्हर बसवतो आणि रोज नियमांच्या फायली मागवतो. जागतिक गिऱ्हाईक नसल्यानं आपण त्या यादीत नव्हतो, इतकंच.

३.१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर लिहिलं : हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका अपडेटमधला दोष आहे, मॅक आणि लिनक्सला त्याचा त्रास नाही, दुरुस्ती पाठवली आहे. पहिल्या निवेदनात क्षमेचा शब्द नव्हता. तो नंतर, टीव्हीवरच्या मुलाखतीत आला.

योगायोग म्हणावा तर कर्ट्झ यांनी हे आधी एकदा जवळून पाहिलं होतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी कंपनीच्या रोजच्या अपडेटनं विंडोज एक्सपीतली एक अत्यावश्यक फाईल विषाणू ठरवून बाजूला काढली आणि जगभरचे संगणक रिस्टार्टच्या फेऱ्यात अडकले. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते कर्ट्झ. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, ते क्राउडस्ट्राइकच्या संस्थापकांपैकी एक झाले.

रात्र, आणि नंतर

अमेरिका जागी झाली तेव्हा आपल्याकडं संध्याकाळ होती. तिथला गोंधळ आपल्याहून कितीतरी मोठा निघाला. शुक्रवारी क्राउडस्ट्राइकचा शेअर ११ टक्के पडला. शनिवारी पहाटे तीनपासून देशातल्या विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्याचं हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं. त्याच शनिवारी मायक्रोसॉफ्टनं ८५ लाखांचा आकडा जाहीर केला आणि सोबत म्हटलं, की हे एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी आहेत. आकडा खरा आहे, पण तो एक टक्का कुणाचा होता हे बघायला हवं. इस्पितळांचा, बँकांचा, विमानांचा.

डेल्टा ही विमान कंपनी सर्वांत उशिरा सावरली. पाच दिवसांत तिची सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली आणि नुकसान पन्नास कोटी डॉलरच्या घरात गेलं. २५ जुलैला क्राउडस्ट्राइकनं ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घातली : रकाना वाचण्याआधी तो आहे का बघ. नियमांच्या फायलीही आता टप्प्याटप्प्यानं जातात आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहक ठरवू शकतो. सुरक्षेचं सॉफ्टवेअर गाभ्याबाहेरून चालावं यासाठी मायक्रोसॉफ्टचं काम सुरू आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टा जॉर्जिया राज्यातल्या न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की आम्ही क्राउडस्ट्राइकचे आपोआप येणारे अपडेट बंद ठेवले होते, तरी ही फाईल आमच्या संगणकांत शिरली. निष्काळजीपणाबरोबर तिनं संगणकांत विनापरवाना शिरकाव केल्याचाही आरोप ठेवला. क्राउडस्ट्राइकनं दावा फेटाळून लावायची मागणी केली. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी काही मुद्दे काढून टाकले, पण घोर निष्काळजीपणाचा आणि विनापरवाना शिरकावाचा हे दोन्ही आरोप पुढं चालवायला परवानगी दिली.